गोल, एक रेघ, दोन रेघा

१२ ऑक्टोबर

'प्रिय' लिहिलं तर तू तिथंच पत्र फाडशील, म्हणून थेट मजकुरावर येतो. 'सप्रेम नमस्कार'ही नाही. सप्रेम खरं आहे, पण नमस्कार माझ्या स्वभावात नाही, हे तू कॉलेजात पाहिलंच आहेस.

मी सैन्यात भरती झालो. तुझ्यावर सूड म्हणून केलं असं समजू नकोस. (थोडं तसंच आहे.) शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये मी त्या टवाळाचा जबडा मोडला तेव्हा तू जे बोललीस ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. तो तुझ्याबद्दल घाण बोलला. मी तुझ्यासाठी मारलं. आणि तू त्याच्या तोंडाला रुमाल लावत मला म्हणालीस, "तुझे हात फक्त मारायला आहेत. डॉक्टर कशाला होतोस?" सगळ्या वर्गासमोर. टेबलावरचं प्रेतसुद्धा ऐकत होतं.

प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी डोक्यात राख घालून घेतली, तिसऱ्या वर्षाची पुस्तकं त्यांच्या पुढ्यात आपटली आणि बाहेर पडलो. हात मारायलाच असतील तर जिथं मारल्याबद्दल शाबासकी मिळते तिथं जावं म्हटलं.

पण सैन्यातली माणसं माझ्याहून बेरकी. 'वैद्यकीय शिक्षण अपूर्ण' एवढं वाचलं आणि बंदुकीऐवजी स्ट्रेचरचे दांडे हातात दिले. पाठवलं कुठं म्हणशील तर आघाडीला लागून असलेल्या रुग्णालयात. इथले मुख्य सर्जन म्हणजे तुझे बाबा.

मी हे मागून घेतलेलं नाही. (घेतलं. भरतीच्या कारकुनाची मनधरणी करकरून.)

इथं सगळे त्यांना साहेब म्हणतात. मी कोण ते त्यांना माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. तुझी आई गेली तेव्हा ते रजा घेऊन आले नाहीत. पुढच्या सुट्टीत दारात येऊन उभे राहिले तर तू आतून कडी काढली नाहीस. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून तू हे सांगितलंस तेव्हा मी म्हणालो होतो, बरं केलंस. आता रोज त्यांना बघतोय. अंगानं किरकोळ, चष्म्याच्या दांड्या पट्टीनं बांधलेल्या. जेवतात उभ्यानं, तेही डाव्या हातानं. उजवा हात कायम खिशात. कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू जपावी तसा तो हात जपतात. बाहेर काढतात तो फक्त टेबलापाशी.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. त्यांनी एकाची जखम उघडली आणि मी मागून म्हणालो, "सर, मांडीची मोठी धमनी गेलीय."

वळूनही न बघता म्हणाले, "कितवं वर्ष?"

"तिसरं. सोडलं."

"अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं बेणं," ते म्हणाले. "धर इथं."

तेव्हापासून अख्ख्या रुग्णालयात माझं नाव हळकुंड.

गावाचं नाव लिहीत नाही, काळं फासतात. जाणारी सगळी पत्रं एक अधिकारी वाचतो, मग शिक्का पडतो. छोटे डॉक्टर वाचत असावेत, साहेबांचे मदतनीस. वाचू देत. त्या बिचाऱ्यालाही जरा करमणूक.

२९ ऑक्टोबर

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. (होती.)

आमचं रुग्णालय ही एक शाळा आहे. मुलं गेली, बाकं राहिली. बाकं जोडून त्यावर निखळलेलं दार टाकलं की ऑपरेशनचं टेबल तयार. फळ्यावर कुणीतरी भागाकार करून ठेवलाय आणि उत्तर चुकलंय. मी पुसायला गेलो तर साहेब म्हणाले, "राहू दे. टाके घालताना बघायला काहीतरी लागतं."

काल पहाटेपासून ट्रक येत राहिले. आपल्या कॉलेजातली प्रेतं आठवतात ना, गार, राखाडी, औषधाच्या वासाची? शुद्ध फसवणूक. खरं शरीर गरम असतं, घसरतं, आणि आईच्या नावानं ओरडतं. एक ड्रायव्हर आला. मांडी कंबरेपासून उसवलेली. रक्त इतक्या जोरात आलं की माझ्या डोळ्यांत गेलं. चिमटा सापडेना, म्हणून मी मूठच आत घातली, मनगटापर्यंत, आणि हाडावर दाबून धरली. तो माझ्या खांद्याला चावला. कडकडून चावला, दात अजून उमटलेत. मी त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होतो आणि मूठ दाबत होतो.

साहेब आले, वाकून बघितलं, म्हणाले, "मूठ काढू नकोस. जन्मात पहिल्यांदा तिचा उपयोग होतोय."

ड्रायव्हर वाचला. पाय गेला. तो पाय मीच उचलून बाहेर नेला. माणसाचा एक पाय किती जड असतो याची तुला कल्पना नाही.

आता इथली पद्धत सांगतो. जखमी आले की ओळीनं ठेवतात, पाय वाटेच्या बाजूला. साहेब त्या वाटेनं एकदाच चालतात. प्रत्येकापाशी वाकतात, बघतात, आणि निकाल त्याच्या बुटाच्या तळावर लिहितात. एक रेघ म्हणजे आधी टेबलावर. दोन रेघा म्हणजे वाचेल, थांबू दे. गोल म्हणजे मागची खोली. मागची खोली हा शाळेचा गाण्याचा वर्ग. तिथं झोपेची सुई देतात, ओठांना पाणी लावतात, बाकी काही नाही. कपडे रक्तानं भरतात, कपाळ पट्ट्यांत जातं, पण बुटाचा तळ उताण्या माणसाला तसाच राहतो आणि आम्हा वाहणाऱ्यांच्या नेमका डोळ्यांसमोर येतो. आधी शाळेतला खडू वापरायचे. तो चिखलानं जायचा. म्हणून आता गाड्यांवर नंबर काढायचा पांढरा ऑइलपेंट, आणि तोही टाचेच्या पुढच्या खोलगट भागात, जिथं बूट जमिनीला टेकत नाही. माणूस मैलभर चालला तरी तिथली खूण जात नाही. डोकं साहेबांचं.

मेलेल्यांचे बूट वाया घालवत नाहीत. रॉकेलच्या बोळ्यानं खूण पुसायची आणि ज्याचे फाटलेत त्याला द्यायचे. हे पुसण्याचं काम माझ्याकडे आहे. घे, हस.

मी साहेबांना विचारलं, "गोल चुकला तर?"

"चुकतो कधीकधी."

"मग?"

"मग काही नाही. प्रत्येक गोलापाशी दुसऱ्यांदा थांबलो तर तेवढ्यात रेघवाले मरतात. एकदा तळावर लिहिलं की ते माझ्या डोक्यातून गेलं पाहिजे. नाहीतर माझा हात थरथरेल."

तुझ्या आईच्या वेळी त्यांनी असंच काहीतरी केलं असेल का गं? समोर ओळ होती, ते ओळीपाशी थांबले. मी त्यांची वकिली करत नाहीये. नुसतं विचारतोय.

१४ नोव्हेंबर

तुझी चिठ्ठी आली. 'बाबांना परत आण. बाकी काही लिहू नकोस.'

पहिलं वाक्य मी हुकूम मानतो. दुसरं मानत नाही.

ऐक. मी वचन देतो. त्यांना तुझ्या दारात उभं करीन, जसेच्या तसे, हातीपायी धड. ते जमलं नाही तर मी तुला तोंड दाखवणार नाही. हे प्रेमपत्रातलं वाक्य नाही, लिहून ठेव.

चिठ्ठी खिशात ठेवून मी दिवसभर हवेत होतो, आणि त्याच हवेत एक भानगड केली. मागच्या खोलीवर एक म्हातारा हवालदार असतो. त्याला सगळे मामा म्हणतात. मी पाण्याचा डबा द्यायला गेलो तर तिथं एक तारवाला होता, वायरलेसवर काम करणारा. माझ्याच वयाचा. पोटात लोखंड, बुटावर गोल. पण डोळे उघडे. मला म्हणाला, "ए, तू शिकलेला दिसतोस. मला इथं का ठेवलंय सांग ना."

मामा म्हणाला, "हळकुंडा, पाणी लाव आणि नीघ. बोलत बसू नको."

मला काय झालं ठाऊक नाही. खिशात तुझी चिठ्ठी होती, त्यामुळं जगात कुणीच मरू नये असं वाटत होतं. मी मामाला भिंतीवर ढकललं, तारवाल्याच्या बुटावरचा गोल रॉकेलनं पुसला, तिथं एक रेघ मारली आणि एकट्यानं स्ट्रेचर ओढत टेबलापर्यंत नेलं. साहेबांनी रेघ पाहिली. पोट उघडलं. आत सगळं नासलेलं. वासानं सिस्टर मागे सरकली. तरी ते थांबले नाहीत. कापत गेले, शिवत गेले. तारवाला टेबलावरच गेला.

तेवढ्या वेळात ओळीतला रेघवाला, ज्याचा नंबर होता, तोही गेला. गळ्यात रक्त साचून. त्याला फक्त एक नळी घालायची होती.

साहेबांनी मला कॉलर धरून त्याच्यापाशी नेलं. तोंड उघडायला लावलं. त्याचं. "बघ," म्हणाले. "आता माझ्याकडे बघ." आणि डाव्या हातानं अशी मुस्कटात दिली की कानात शिट्टी वाजत राहिली. उलटा हात टाकायची ऊर्मी आली होती, खोटं कशाला बोलू. मूठ वळलीही होती. तुझी चिठ्ठी आठवली.

मग त्यांनी सगळ्यांना ओसरीवर उभं केलं आणि सांगितलं, "खुणेला पुन्हा विचारायचं नाही. गोल दिसला की मागे. माझ्या बापाच्या बुटावर असला तरी मागे. जो थांबेल त्याला मी बंदुकीवर पाठवीन."

हा हुकूम माझ्यामुळं निघाला. आजूबाजूच्या पथकांतही तोंडोतोंडी गेला. आता स्ट्रेचरवाले गोल बघतात आणि चेहऱ्याकडे बघतही नाहीत.

२१ नोव्हेंबर

आज जरा चांगली बातमी.

साहेबांचे बूट शेवटी गेले. टेबलाखाली कायम रक्तपाण्याचं डबकं, त्यात उभं राहून राहून तळ सुटला. ते त्यात पुठ्ठे घालून चालत होते आणि कुणाला बोलत नव्हते. मी बघितलं. मला वाटलं, सासरेबुवांची (रागावू नकोस) मर्जी मिळवायची तर हीच वेळ. काल मागच्या खोलीत एक तोफखान्याचा अधिकारी वारला. त्याचे बूट नवेकोरे, आणि माप अगदी साहेबांचं. लेस मात्र बूट काढताना कापाव्या लागल्या होत्या. मी टाक्यांचा काळा दोरा तिपदरी वळला, वेणी घातली आणि नव्या लेस ओवल्या.

घेऊन गेलो. साहेब ऑपरेशनांच्या मधल्या वेळात भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. मी गुडघ्यावर बसून जुने काढले, नवे चढवले. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाले, "हळकुंडा, लेस कुणी वळल्या?"

"मी."

"गाठ बरी मारतोस," म्हणाले.

बस. एवढंच. पण तू त्यांची लेक आहेस, यातलं कौतुक तुला कळेल. मी आनंदात बाहेर येऊन रॉकेलच्या डब्याला लाथ मारली. डबा रिकामाच होता, लांब गेला.

२७ नोव्हेंबर

घाईत. तुला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

सकाळी शाळेवर तोफगोळे पडले. ऑपरेशनची खोली राहिली नाही. मामा सुया न्यायला पुढं आला होता, तो दारातच गेला. त्याचं अर्धं अंग मी ओळखलं ते हवालदाराच्या पट्ट्यावरून. सिस्टरला खिडकीतून ओढून काढली, जिवंत आहे.

साहेब सापडत नाहीत.

मी ढिगारा उपसतोय. नखं गेली. कुणीतरी म्हणालं, सोड, आता आत कोण उरलंय. मी त्याचं डोकं विटेवर आपटलं. छोट्या डॉक्टरांनी मला मागून धरलं.

फळा अजून उभा आहे. भागाकार तसाच.

शोधतोय. वचन लक्षात आहे.

३० नोव्हेंबर

ते जिवंत आहेत. आधी हे वाच, दोनदा वाच, मग पुढचं. पुढचं वाचल्यावर तू मला काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी लिहितो.

त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत मी ढिगारा उपसत होतो. मदतीला शेजारच्या पथकातले स्ट्रेचरवाले आले होते. आमच्यातलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं, पण हुकूम त्यांना पाठ होता. शेवटी ढिगाऱ्यात एक पोर सापडलं, शाळेच्या घंटेखाली दबलेलं, आमच्याच स्वयंपाक्याचा मदतनीस. शेवटचे श्वास घेत होता. खूण मारायला साहेब नव्हते. मी त्याला उचलून मागच्या खोलीत नेलं.

खोली भरलेली होती. मामाच्या जागी दुसऱ्या पथकातला एक माणूस. इमानेइतबारे सुया देत होता, पाणी लावत होता. पोराला ठेवायला जागा करायची म्हणून मी एक स्ट्रेचर भिंतीकडे सरकवलं. त्यावरच्या माणसाचं तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं, अंगभर चुना, अंगावर वर्दी नाही, फाटका एप्रन. बुटांवर माझी नजर गेली.

टाक्याच्या दोऱ्याच्या लेस. तिपदरी. माझी गाठ.

आणि तळाला, टाचेच्या पुढच्या खोलगटात, पांढरा गोल.

आता कळलं ना? तो गोल त्या मेलेल्या तोफखानेवाल्याचा होता. साहेबांनीच त्याच्या बुटावर काढलेला. बूट दुसऱ्याला देण्याआधी पुसायचं काम माझं. त्या दिवशी रॉकेल संपलं होतं. मला वाटलं, नंतर पुसू, आधी साहेबांच्या पायात घालू, ते खूश होतील, तुला लिहिता येईल. पुढचे सगळे दिवस ते माझ्यासमोर तो गोल पायाखाली घेऊन हिंडत होते आणि मी विसरलो होतो. मागच्या पत्रात डब्याला लाथ मारल्याचं लिहिलं. डबा रिकामा का होता, ते लिहिलं नाही.

नव्या माणसांनी त्यांना मातीतून काढलं, उजव्या दंडाला रक्त थांबवायला पट्टा आवळला, तोंड बांधलं, पाय उचलून बघितला, आणि गोल दिसला म्हणून मागे आणून ठेवलं. कुणी थांबलं नाही. कुणी पुन्हा विचारलं नाही. हुकूमच तसा होता, आणि तो माझ्यामुळं निघालेला. आतल्या माणसानं सुई दिली. तो पट्टा दिवसभर तसाच आवळलेला राहिला. तोंडावरची जखम वरवरची होती. डोक्याला मार होता, पण जीव जाण्यासारखा नाही. ते दोन रेघांचे होते. वाचेल, थांबू दे.

मी पट्टा बघितला. त्याच्या खालचा हात बघितला. तुला वर्णन करून सांगत नाही. तू डॉक्टरकीची विद्यार्थिनी आहेस, दिवसभर आवळलेल्या हाताचं काय होतं ते तुला येतं.

एका वर्गात नवं टेबल मांडलं. छोटे डॉक्टर म्हणाले, "मला नाही जमणार. साहेबांचा हात... मला नाही जमणार." तेवढ्यात मी सैल केलेल्या पट्ट्यांतून आवाज आला. साहेब शुद्धीवर येत होते. डावा हात उचलून त्यांनी आपल्या उजव्या दंडावर बोट ठेवलं, कोपराच्या वर.

"इथून," म्हणाले. "कोपर वाचवायला जाशील तर परत कापावा लागेल. आधी चामडी मागे घे. आणि हळकुंड असेल तर त्याला धरायला सांग. त्याची पकड बरी आहे."

भुलीचं औषध पुरेसं नव्हतं. मी त्यांच्या छातीवर आडवा पडून खांदा धरला. करवत हाडात गेली तेव्हा त्यांनी डोकं असं आपटलं की माझा ओठ फाटला. त्यांचं रक्त, माझं रक्त, काही कळेना. ते ओरडले नाहीत. मी ओरडत होतो. करवतीचा आवाज थांबला आणि तो हात माझ्याकडे आला, बाहेर न्यायला. ते माझंच काम आहे ना.

किती हलका होता तो. इतकी वर्षं खिशात जपलेला.

हातीपायी धड आणीन म्हणालो होतो.

बुटांचं हे साहेबांना अजून सांगितलेलं नाही. छोट्या डॉक्टरांनी वाचलं तर वाचोत, शिक्का मारोत नाहीतर मला बांधून नेवोत.

१६ डिसेंबर

हे पत्र टपालानं आलेलं नाही. ज्यांनी ते तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवलं ते अजून बाहेर उभे आहेत. आधी दार उघड, मग वाच. उघडणार नसशील तर निदान भरभर वाच. त्यांना अजून फार वेळ उभं राहवत नाही.

तुला आधी सांगितलं, त्यांना सांगायला मला जास्त दिवस लागले. ते बसायला लागले तेव्हा मी समोर जाऊन उभा राहिलो आणि बुटांचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, बंदुकीवर पाठवा, कोर्टात उभं करा, काय हवं ते करा.

ते डाव्या हातानं चहा पीत होते. सवयीनं. मग त्यांना आठवलं की आता दुसरा नाहीच, आणि कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं," म्हणाले. "मातीतून काढलं तेव्हा मी थोडा जागा होतो. एकानं पाय उचलला आणि म्हणाला, गोल आहे. ऐकलं मी. तोंड बांधलेलं, बोलता येईना. मनात म्हटलं, आता जर हे थांबले आणि पुन्हा बघत बसले, तर मीच यांची चामडी लोळवीन."

"पण खूण खोटी होती, सर!"

"खूण कुणी काढली? मी. पुन्हा बघू नका हा हुकूम कुणाचा? माझा. पुसली कुणी नाही? तू. मी तुझ्या एक पाऊल पुढंच आहे."

मी भिंतीवर मूठ आपटली.

"चूक भिंतीची नाही," म्हणाले. "आणि रडायचं असेल तर सरळ रड. 'टेबलावरचं प्रेतसुद्धा ऐकत होतं' असलं लिहिणारा माणूस तू, रडायला कसला लाजतोस?"

ते वाक्य मी तुला लिहिलं होतं. पहिल्या पत्रात.

पत्रं छोटे डॉक्टर वाचत नव्हते गं. साहेब वाचत होते. पहिल्या पाकिटावर स्वतःच्या घराचा पत्ता बघितल्यापासून. मूठ आणि तिचा उपयोग, ते उगाच बोलले नव्हते. 'सासरेबुवा' वाचलं. 'बरं केलंस' वाचलं, कडीचं. हात जाईपर्यंतच्या प्रत्येकावर शिक्का मारून पुढं पाठवलं.

"थांबवलं का नाही?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. एका हातानं पुसता येईना, म्हणून मी घेतला.

"माझी पत्रं ती उघडतही नव्हती," म्हणाले. "तुझी उघडत होती. माझी खुशाली तिला जायला तेवढी एकच वाट होती. आणि तिनं ते लिहिलंय, बाबांना परत आण, ते मला तरी दुसरं कुठं वाचायला मिळणार होतं?"

आईच्या वेळचं मी विचारलं नाही. तू विचार. दारात उभे आहेत.

त्यांना घरी पाठवायचा हुकूम आला तेव्हा मी रॉकेलचा बोळा घेऊन गेलो. त्यांचे दुसरे बूट नाहीत. तेच आहेत, ते गोलवाले, माझ्या लेसचे. त्यांनी पाय मागे घेतला.

"राहू दे."

"सर, अशुभ दिसतं."

"तू विचारलं होतंस, गोल चुकला तर काय. मी म्हणालो, काही नाही. ते उत्तर चुकलं होतं. तिला दाखवायचंय." मग म्हणाले, "आता तुझा पाय कर इकडे."

पाय बाकावर ठेवला. त्यांनी पेंटचा डबा ओढला, डाव्या हातात कुंचला धरला. तो हात अजून शिकतोय, कुंचला नाचत होता. माझ्या बुटाच्या खोलगटात त्यांनी काहीतरी काढलं, बराच वेळ, जीभ दातांत धरून. मी बूट वळवून बघितला. दोन रेघा. शाळेत पहिल्या दिवशी पोरानं पाटीवर ओढाव्यात तशा, वाकड्या, एकमेकींना टेकू पाहणाऱ्या.

"हे काय, सर?"

"विसरलास? वाचेल. थांबू दे."

"कॉलेजबद्दल म्हणताय का..."

"कॉलेजात जा. तिसरं वर्ष पहिल्यापासून. तुला इथून सोडायची चिठ्ठी सांगितलीय छोट्या डॉक्टरला लिहायला, प्राचार्यांची माफी तू माग. आणि तिच्याबद्दलही तेच, थांब."

"किती थांबू?"

"ते मी कुणाच्याच बुटावर लिहीत नाही," म्हणाले, आणि उठायला माझ्या खांद्याला धरलं. ड्रायव्हर चावला होता त्याच खांद्याला.

हे पत्र त्यांनी वाचलेलं नाही. मी उघडंच पुढं केलं, तर म्हणाले, "आता मी नुसता पोस्टमन." म्हणून पहिल्यांदाच कुणी न वाचलेलं काही तुला लिहितोय, आणि नेमकं आज जे लिहायचं होतं ते सुचत नाहीये.

माझ्या दोन रेघा आहेत. मी थांबतो.

आज एक रेघ त्यांची. आधी त्यांना आत घे.